‘पॉश’चा उगम पुस्तकात चुकला आहे: सामान्यज्ञानाच्या पुस्तकांचे प्रकाशक आणि प्रश्नमंजुषांचे आयोजक यांना खुलं पत्र

प्रति,
शालेय सामान्यज्ञानाची आणि इंग्रजी शब्दांच्या गमतीजमतींची पुस्तकं काढणारे प्रकाशक व संपादक,
तसेच आंतरशालेय प्रश्नमंजुषांचे आयोजक,

स.न.वि.वि.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. यंदा एका प्रश्नमंजुषेत आमच्या संघाला प्रश्न आला, ‘पॉश या इंग्रजी शब्दाचा उगम काय?’ नववीतल्या मुलीने उत्तर दिलं, ‘उगम नक्की सांगता येत नाही, पण बोटीच्या तिकिटाची गोष्ट खरी नाही.’ उत्तर चूक धरलं गेलं. परीक्षकांच्या हातातल्या पुस्तकात ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ असं छापलेलं होतं. स्पर्धा संपल्यावर मी त्यांना शब्दकोशातली नोंद दाखवली. ती त्यांनी वाचली आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं बरोबर असेलही, पण पुस्तकात आहे तेच आम्ही धरणार.” गुण गेले याचं फार दुःख नाही. पण परतताना एसटीत त्या मुलीने विचारलं, “बाई, पुढच्या वेळी मग काय सांगू? खरं सांगू की पुस्तकातलं?” एका शिक्षिकेच्या उत्तराने हा प्रश्न मिटणारा नाही. पुस्तक तुमचं आहे आणि गुणही तुमच्या हातात आहेत, म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि सर्वांसमोर.

आधी तुमची गोष्ट तुमच्याच बाजूने मांडते. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या आगबोटी सुएझ ओलांडून तांबड्या समुद्रात शिरल्या की केबिनमध्ये जीव नकोसा व्हायचा. येताना बोटीची डावी बाजू, म्हणजे पोर्ट, साधारण उत्तरेकडे असायची आणि परतताना उजवी, म्हणजे स्टारबोर्ड. उत्तरेच्या बाजूला ऊन कमी. म्हणून पैसेवाले साहेब येताना डावीकडची आणि जाताना उजवीकडची केबिन घ्यायचे. त्यांच्या तिकिटांवर कंपनी पी, ओ, एस, एच अशी चार अक्षरं उमटवायची, आणि त्यावरून ऐटबाज, उच्चभ्रू या अर्थाने ‘पॉश’ हा शब्द आला.

गोष्ट सुबक आहे आणि मुंबईला तर ती घरची वाटते. बॅलार्ड पिअर आणि बॅलार्ड इस्टेटमधली मॅकिनन मॅकेन्झीची इमारत या त्याच बोटींच्या खुणा आहेत. दिशांचं गणितही थंडीच्या मोसमापुरतं बरंचसं जुळतं. एडनहून मुंबईकडे निघालेल्या बोटीची डावी बाजू उत्तरेला येते आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. वर्षभर मात्र ते जुळत नाही. मुंबईत शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर येतो आणि दुसरा जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात अंगणात काठी रोवली, तर दुपारी तिची आखूड सावली दक्षिणेकडे पडलेली कोणालाही दिसेल.

तरी हे गणित बाजूला ठेवू. बोटीची कोणती बाजू गार, हे प्रवाशांना कळत असणार आणि मागणी तशी होत असणार, हे मला मान्य आहे. त्यातून शब्दाचा उगम सिद्ध होत नाही. त्यासाठी तिकीट लागतं. पी अँड ओ ही 1837 पासूनची कंपनी. तिचे जुने कागद ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात जपलेले आहेत. हिंदुस्थानात आलेल्या साहेबांनी आणि मडमांनी पत्रं, रोजनिश्या, आठवणी पोत्याने लिहून ठेवल्या आहेत. उकाडा, डास, जेवण, शेजारच्या केबिनमधली माणसं, सगळं त्यांनी टिपलं. पण ही चार अक्षरं उमटवलेलं एकही तिकीट आजवर कोणाला सापडलेलं नाही आणि कंपनीच्या कागदांतही तशी नोंद नाही. ही गोष्ट छापील रूपात सापडते ती थेट 1935 साली, लंडनच्या टाइम्स लिटररी सप्लिमेंटमध्ये आलेल्या एका पत्रात. तिथे तर तो अमेरिकी जहाजांवरचा शब्द असल्याचं म्हटलं होतं. म्हणजे मुंबई या गोष्टीत मागाहून आली. शब्द मात्र त्याच्या किमान वीस वर्षं आधीपासून छापला जात होता, आणि तेव्हा कोणीही त्याचा बोटीशी संबंध जोडलेला नव्हता.

माझी पहिली तक्रार हीच आहे. ज्याला कागदाचा एक तुकडाही आधार नाही, ते तुम्ही ‘म्हणतात’, ‘एक समज आहे’ असं न लिहिता सरळ माहिती म्हणून छापता. मोठ्या माणसांना दंतकथा आणि माहिती यांतला फरक कळतो. नववीच्या मुलासाठी छापलेलं सगळं सारख्याच वजनाचं असतं.

दुसरी तक्रार जास्त खोलवरची आहे. या एका खोट्या ओळीने शब्दाचा खरा, गुंतागुंतीचा इतिहास झाकला जातो, आणि त्या इतिहासातली माणसंही.

‘पॉश’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गल्ल्यांमध्ये, चोरांच्या आणि फेरीवाल्यांच्या बोलीत होता. तिथे त्याचा अर्थ ऐट नव्हता, अर्धा पेनी होता. एक क्षुल्लक नाणं. पुढे तो एकूणच पैशाला वापरला जाऊ लागला. 1890 साली बारेर आणि लेलंड यांनी इंग्रजी स्लँगचा कोश प्रसिद्ध केला, त्यात पैसा हा अर्थ आहे आणि छानछोकी करणारा माणूस हाही. त्याच सुमारास एका गाजलेल्या विनोदी रोजनिशीत एका श्रीमंत, झोकात राहणाऱ्या पात्राचं आडनावच पॉश ठेवलेलं दिसतं. विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस यांच्या 1903 मधल्या एका कथेत केंब्रिजमधल्या झगमगीत वेस्टकोटाला ‘पुश’ म्हटलं आहे. तो हाच शब्द का वेगळा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

मग 1914 येतं. ब्रिटिश सैन्यातल्या रोजच्या जिण्यावर त्या वर्षी निघालेल्या एका पुस्तकात लिहिलं आहे की घोडदळातला शिपाई संधी मिळेल तेव्हा ‘पॉश’ कपडे घालतो, आणि पॉश म्हणजे सरकारातून मिळालेल्या, नियमात बसणाऱ्या गणवेशाहून सरस कपडे. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो. सगळ्यांना एकाच मापाचा, एकाच रंगाचा कपडा मिळतो. त्यात एखादा शिपाई स्वतःच्या पगारातून बरं कापड घेतो, चांगला शिंपी गाठतो आणि रविवारी ते घालून बाहेर पडतो. वर्गातल्या कोणत्याही मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. युनिफॉर्मच्या पँटचा घेर किती, केसांची कट कशी, पट्टा कोणता, हे सगळं त्यांचं रोजचंच आहे. महायुद्ध संपता संपता, 1918 साली, पंच या साप्ताहिकातल्या व्यंगचित्रातला विमानदलाचा तरुण आपल्या आईला सांगतो की तिकडे आमचे दिवस अगदी पॉश गेले. म्हणजे चार वर्षांत शब्द कपड्यांवरून काळावर आला होता.

आज ब्रिटनमध्ये तो माणसाच्या वर्गावर आणि उच्चारावर बोट ठेवतो. तिथे एखाद्याला पॉश म्हटलं की कौतुकापेक्षा टोमणाच जास्त असू शकतो. पीटरबरो युनायटेड या फुटबॉल क्लबचं टोपणनाव मात्र अभिमानाने ‘द पॉश’ आहे. 2002 साली क्लबने हा शब्द स्वतःच्या नावावर नोंदवायचा प्रयत्न केला, तेव्हा ‘पॉश स्पाइस’ म्हणून गाजलेल्या गायिका व्हिक्टोरिया बेकहॅम यांनी हरकत घेतली होती. आपल्याकडे ‘पॉश एरिया’, ‘पॉश फ्लॅट’, ‘काय पॉश दिसतंय!’ यात टोमणा नाही. जाहिरातीत तर तो भाव वाढवणारा शब्द आहे. आमची मुलं उद्या इंग्लंडमधल्या एखाद्या माणसाला सहज म्हणतील, ‘तुमचं बोलणं किती पॉश आहे’, आणि समोरचा का दुखावला हे त्यांना कळणार नाही. अर्थाचा हा फरक तुमच्या कोणत्याही पुस्तकात मला मिळाला नाही. चार अक्षरांचा विस्तार मात्र सगळीकडे आहे.

आता त्या अर्ध्या पेनीविषयी. नाण्याच्या अर्थाचा ‘पॉश’ रोमानी भाषेतून आला, असं कोशकार मानतात. रोमानीत त्याचा अर्थ ‘अर्धा’. रोमानी ही युरोपातल्या रोमा लोकांची भाषा, आणि ती मुळात भारतीय आर्यभाषांच्या कुळातली. रूडिगर या जर्मन अभ्यासकाने 1782 साली हे सप्रमाण मांडलं, तेव्हापासून त्यावर वाद उरलेला नाही. पाण्याला रोमानीत ‘पानी’, कानाला ‘कान’, काळ्याला ‘कालो’, माणसाला ‘मनुष’. हे शब्द मी फळ्यावर लिहिले की वर्गात शांतता होते आणि मग एकदम सगळे बोलू लागतात. इंग्रजीतला मित्राला वापरायचा ‘पॅल’ हा शब्दही रोमानीतल्या भावाचा, म्हणजे आपल्याच भ्रात्याचा वंशज. शेकडो वर्षांपूर्वी इथून निघालेल्या माणसांची भाषा लंडनच्या रस्त्यावर इंग्रजीला शब्द देते, ही गोष्ट सांगण्यासारखी नाही का? आणि ज्यांची ती भाषा, त्यांना इंग्लंडने कसं वागवलं? 1554 च्या कायद्याने त्यांचं नुसतं देशात राहणंही मृत्युदंडाचा गुन्हा ठरवलं होतं. या लोकांचा वाटा पुसून त्या जागी सावलीतल्या केबिनचा साहेब बसवणं मला सहन होत नाही.

इथे मला स्वतःलाही शिस्त लावून घ्यायला हवी. अर्ध्या पेनीपासून ऐटबाज कपड्यांपर्यंतची वाट अजून पक्की जोडता आलेली नाही. मधले दुवे विरळ आहेत. म्हणूनच ऑक्सफर्ड कोश आजही या विशेषणाचा उगम अनिश्चित असल्याचं सांगतो. बोटीच्या गोष्टीला पुरावा नाही, हेही सांगतो. फारसी ‘पोश’वरून, म्हणजे आपल्या पोशाख आणि पलंगपोस या शब्दांच्या मुळावरून किंवा उर्दूतल्या ‘सफेदपोश’वरून हा शब्द इंग्रजीत गेला, असंही काहीजण सुचवतात. आपल्याला ते आवडण्यासारखंच आहे. पण आवडतं म्हणून ते खरं ठरत नाही, आणि त्यालाही तिकिटाइतकाच पुरावा आहे, म्हणजे काहीच नाही. उद्या तुम्ही बोटीची गोष्ट काढून तिथे ‘मूळ शब्द भारतीयच’ असं छापलंत, तर मी असंच दुसरं पत्र लिहीन.

आणि बोटींबद्दलच सांगायचं असेल तर खरं सांगा, आम्हाला हवंच आहे ते. आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतून कोणी ना कोणी ‘बोटीवर’ गेलेलं आहे. त्या आगबोटींच्या डेकवर कोकणातले सारंग, तांडेल, खलाशी होते. खाली बॉयलरपाशी कोळसा ओढणारे आगवाले पंजाबी आणि पठाण होते. जेवणघरात आणि केबिनमध्ये राबणारे गोवेकर होते. दोन सफरींच्या मध्ये ते मुंबईतल्या धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाच्या सामाईक बिऱ्हाडांमध्ये, गावकऱ्यांसोबत राहायचे. तांबड्या समुद्रात खरी भट्टी कोणाच्या वाट्याला आली, हे बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारायला हवं होतं. तुमच्या पुस्तकांत या माणसांवर एक ओळही नाही, आणि जे कधी उमटलंच नाही त्या शिक्क्यावर चौकट आहे.

तिसरी तक्रार. ‘पॉश’ हे एकच उदाहरण असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. अनेक पुस्तकांच्या शेवटी ‘हे फुल फॉर्म तुम्हाला माहीत आहेत का?’ अशी यादी असते. त्यात न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चेस म्हणजे चॅरिअट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स. टी म्हणजे टेस्ट अँड एनर्जी अॅडमिटेड. पेन, स्माइल, डेट, जोक, सगळ्यांना फुल फॉर्म. ही यादी मोबाइलवर फिरत असते. तिथून ती उचलून तुम्ही छापता आणि पुढच्या वर्षी तुमच्या पुस्तकाचा हवाला देऊन ती आणखी फिरते. न्यूज हे ‘न्यू’चंच रूप, म्हणजे नव्या गोष्टी. चेस फ्रेंचमार्गे आला आणि त्याच्या मुळाशी फारसी ‘शाह’, राजा, आहे. टी चीनच्या किनाऱ्यावरच्या बोलीतल्या ‘ते’पासून डचांबरोबर युरोपात गेला. पेन लॅटिनमधल्या पिसापासून आला, कारण लेखणी पिसाची असायची. यातला प्रत्येक शब्द मुलाला एखाद्या देशात घेऊन जातो. तुमची यादी त्याला कुठेच नेत नाही. बुद्धिबळाचं तर विशेष वाईट वाटतं. रथ, घोडा, हत्ती, पायदळ ही आपल्या चतुरंगाची चार अंगं खरीच आहेत. ती खरी माहिती घेऊन तुम्ही तिला खोट्या फुल फॉर्ममध्ये कोंबलंत.

शब्द जुना असेल आणि त्याचा फुल फॉर्म सांगितला जात असेल तर आधी शंका घ्यावी, एवढी साधी खूणगाठ मी मुलांना बांधून देते. आद्याक्षरं जोडून नवा शब्द बनवायची पद्धत इंग्रजीत रुळली ती विसाव्या शतकात. रडार 1940 च्या सुमाराचा, लेसर त्यानंतरचा. या शब्दांचे फुल फॉर्म खरे आहेत आणि कागदोपत्री दाखवता येतात.

एक ‘पॉश’ही तसाच खरा आहे, आणि तो तुमच्या पुस्तकांत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा 2013 चा कायदा सगळीकडे ‘पॉश’ (प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट) कायदा म्हणूनच ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात 1997 साली घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमधून तो पुढे आला. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. आमच्या दहावीतल्या कितीतरी मुली दोन-चार वर्षांत दुकानात, कारखान्यात, हॉटेलात, दवाखान्यात कामाला लागतात. त्यांना हा ‘पॉश’ ठाऊक असणं गरजेचं आहे. प्रश्नमंजुषेत विचारायचाच असेल तर हा विचारा.

चौथी तक्रार आयोजकांकडे. तुमच्या नियमांत ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम’ असं असतं. खेळ पुढे चालू राहण्यासाठी ते लागतं, हे मला कळतं. पण उत्तर चूक असल्याचा आधार कोणी समोर ठेवला, तर तो तपासायला काहीच सोय नाही. ‘माहीत नाही’ आणि ‘नक्की सांगता येत नाही’ ही दोन्ही उत्तरं तुम्ही एकाच रकान्यात टाकता. पहिलं न वाचलेल्याचं असतं. दुसरं नीट वाचलेल्याचं असतं, आणि ते बोलायला धीर लागतो. नववीतल्या मुलीने माइकसमोर, भरल्या सभागृहात तो धीर दाखवला आणि तिचा गुण कापला गेला. तिच्या बाकीच्या मैत्रिणी यातून काय शिकल्या असतील, याचा विचार तुम्ही करावा, एवढीच विनंती.

माझ्या मागण्या अशा.

पुढच्या आवृत्तीत ‘पॉश’ची नोंद बदला. ‘उगम अनिश्चित, ‘अर्धा’ या अर्थाच्या रोमानी शब्दाशी नातं असण्याची शक्यता, बोटीच्या तिकिटाची कथा लोकप्रिय, पण तिला पुरावा नाही’, एवढं छापलं तरी पुरे. जागा जास्त लागणार नाही.

फुल फॉर्मची यादी संपूर्ण काढून टाका, किंवा तिच्यातला प्रत्येक शब्द किमान एका विश्वसनीय कोशात तपासा. तपासून टिकेल तेवढंच ठेवा. दंतकथा आवडत असतील तर जरूर छापा, त्यांना दंतकथा म्हणा.

ज्या पुस्तकाच्या प्रती शाळांमध्ये गेल्या आहेत, त्या शाळांना दुरुस्तीचं पान पाठवा. ते शिक्षक स्वखुशीने चिकटवतील. आम्हाला अशी कामं नवीन नाहीत.

प्रश्नमंजुषेच्या प्रश्नांसोबत उत्तराचा आधार लिहून ठेवा आणि निकालानंतर ठरावीक मुदतीत आलेली लेखी हरकत तपासा. जिथे अभ्यासकच ‘अनिश्चित’ म्हणतात, तिथे ‘अनिश्चित’ हे उत्तर बरोबर धरा. असे प्रश्न टाळू मात्र नका, तेच सगळ्यात चांगले प्रश्न असतात.

यंदाचा निकाल बदलावा असं मी म्हणत नाही. ट्रॉफी ज्यांना मिळाली ती मुलं मेहनती होती, त्यांच्याकडेच ती राहू दे. पण आमच्या विद्यार्थिनीला तिचं उत्तर बरोबर होतं असं दोन ओळींचं पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

नोंदी तपासायच्या कामात मदत हवी असेल तर मी आणि आमच्या तालुक्यातल्या काही इंग्रजीच्या शिक्षिका ती विनामोबदला करायला तयार आहोत. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी कच्च्या प्रती पाठवल्यात तर सुट्टी संपेपर्यंत आम्ही त्या तपासून परत देऊ.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका,
रत्नागिरी जिल्हा